दामन म्हणजे दमण

शेवटचं काम आम्ही नवराबायकोनं मिळून केलं, ते एका सिनेमाला शिव्या घालायचं.

माणिकपूरच्या तंबूतला संध्याकाळचा खेळ सुटला होता. खाडीच्या बांधावरून मी पुढं आणि ती मागं, अशी आमची वरात घरी चालली होती. सिनेमा दोन बहिणींचा. लहानपणी पुरात एकमेकींपासून सुटतात, एक न्यायाधीशाकडे वाढते, दुसरी टांगेवाल्याकडे, आणि पुढं बारा वर्षं एकाच शहरात एकमेकींच्या नाकासमोरून ये-जा करतात. शेवटाला थोरलीला धाकटीच्या मानेवरचा तीळ दिसतो, आणि दोघी असा हंबरडा फोडतात की तंबूच्या दोऱ्या सैल व्हाव्यात.

"बारा वर्षांत त्या बाईनं मान फिरवली नाय वाटतं," मी म्हणालो.

मागून आवाज आला, "आनि सख्खी बहीन ओळखायला तीळ कशाला लागतो? आपली म्हैस दुसऱ्याच्या कळपात शिरली तर आपन काय खुना मोजत बसतो?"

"न्यायाधीश बघितलास? कोर्टात झोपल्यागत बोलत होता."

"त्याची मिशी तरी बघा. मध्यंतरापतूर काळी, मंग तपकिरी."

मी बांधावर थांबून हसलो. मिशी माझ्याही नजरेतून सुटली होती. पस्तीस वर्षांच्या संसारात सिनेमाबद्दल आमचं एकमत झालेलं ते पहिल्यांदा. एरवी मी शिव्या घालायचो आणि ती गप्प चालायची, कारण तिचा पदर अजून ओला असायचा. त्या दिवशी मात्र शिव्यांत ती माझ्या पुढं होती. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली.

तिचं नाव येसू. जिवंतपणी मी ते कधी घेतलं नाही, "अगं" म्हटलं की भागायचं. आता लिहायला हरकत नसावी.

यंदा तंबू पुन्हा आला आहे. भात कापून झालं, खाचरांत नुसती खुंटं उरली, की एक दिवस बैलगाड्यांतून बांबू, कापड आणि इंजीन येतं. त्या इंजिनाची फटफट वाऱ्याबरोबर आमच्या मिठागरापर्यंत ऐकू येते. आमचं मीठ आणि त्यांचा तंबू एकाच दिवसांचे सोबती. पाऊस सरला की दोन्ही उभी राहतात, ढग दिसले की दोन्ही गुंडाळतात. आम्ही भरतीचं पाणी आत घ्यायचं, या कोंडीतून त्या कोंडीत फिरवत उन्हात आटवायचं, आणि तळाशी मीठ धरलं की लाकडी फळीनं ओढायचं. दिवसभर ओणवं राहून कंबर मोडली की संध्याकाळी त्या तंबूत जाऊन बसायचं. हा आमचा हंगाम. बाकीचं वर्ष म्हणजे चिखल.

आळीतली माणसं म्हणतात, "आबा, जात जावा शिनेमाला. मन रमंल." मी जातो. मन रमवायला नाही, हे सिनेमावाले काही सुधारलेत का ते बघायला. सुधारलेले नाहीत.

यंदाच्या पहिल्या सिनेमात नायक शेतकरी आहे. कारकून छत्री धरतो तसा तो नांगर धरतो. बैल मान वळवून त्याच्याकडे बघतात, आणि त्या बैलांच्या तोंडावर जो भाव आहे तेवढाच त्या अख्ख्या सिनेमात खरा अभिनय. दुष्काळ पडतो. तीन वर्षं दाणा पिकत नाही, पण नायकाचे गाल तसेच, मोदकासारखे. शेवटी तो कर्जापायी नव्हे, प्रेमापायी रडतो. त्याच्या जागी मी असतो तर बैलांपुढे रडलो असतो, त्यांना तरी लाज वाटली असती.

दुसरा क्षयाचा. नायक कवी आहे, म्हणजे काही करत नाही. रुमालात खोकतो आणि रुमाल बघून हसतो. आमच्या आळीत क्षयानं तिघं गेली. शेवटच्या महिन्यात पाणी मागायलाही त्यांच्या गळ्यात आवाज नव्हता. हा गडी जिना चढत चढत तीन कडवी म्हणतो आणि वर पोचून मरतो. मरताना केस विंचरलेले. माझ्या शेजारी बसलेला पांडू, माझ्याबरोबर मीठ ओढतो तो, मला म्हणाला, "आबा, असा क्षय मना पन होऊ दे."

तिसरा देवांचा. विष्णूच्या पोटाला तीन वळ्या, शेषनाग कापसाचा, त्याचा एक फणा शिवणीत उसवलेला. देव प्रकट होतो तेव्हा मुगुट वरून खाली येतो आणि मुगुटाचा दोरा दिसतो. बायका हात जोडतात. मी देवाला मानतो, पण उसवलेल्या सापाला हात जोडायचं माझ्यानं झालं नाही.

आणि त्या आया! सिनेमातली आई मशिनीवर कपडे शिवून पोराला वकील करते आणि स्वतः आंधळी होते. आमच्या वसईत शिवणकाम करणाऱ्या बाया ढिगानं आहेत. त्यातली एक आंधळी झालेली मला दाखवा. आणि एकीचा पोरगा वकील झालेलाही दाखवा.

सगळ्यात राग येतो तो त्या पियानोचा. श्रीमंताच्या दिवाणखान्यात म्हशीएवढं काळं धूड उभं असतं. पोरीचं लग्न दुसऱ्याशी ठरतं, आणि नायक तिच्याच घरी जाऊन, तिच्याच बापासमोर, ते धूड बडवत रडगाणं गातो. बाप पाईप ओढत ऐकतो. माना डोलावतो. अरे, तुझ्या पोरीबद्दल चाललंय ते! आमच्याकडे असा कुणी आला असता तर बापानं आधी त्याची पेटी फोडली असती आणि मग त्याला.

आमच्याकडे असा एक आला होता. त्याच्याकडे पेटी नव्हती, गलबत होतं.

लखमा त्याचं नाव. दमणचा तांडेल, गलबताचा मुख्य. आमच्या मिठागराचं मीठ भरायला दर हंगामात दोन-तीन खेपा करायचा. बोलायला गोड, हिशेबाला सरळ, कामाला वाघ. त्याला जेवायला घरी कोणी आणला? मी. एकदा नाही, दर खेपेला. ताटात वाढायला बारकी असायची.

बारकी म्हणजे येसूची धाकटी बहीण. आईबाप पटकीत एका आठवड्यात गेले तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. भावांनी तिचं काय करायचं यावर माहेरी कामणला बैठका घेतल्या, तोवर येसू जाऊन तिला कडेवर घेऊन आलीसुद्धा. आम्हाला पुढं मूल झालं नाही. त्यामुळं पोर म्हणून जे काय आमच्या घरात झालं, रांगणं, पडणं, रुसणं, ते बारकीचं. येसू तिला बहीण म्हणायची ते नुसतं लोकांपुढं.

एका पहाटे भरतीला गलबत निघालं आणि बारकी त्यावर होती.

कामणहून येसूचा थोरला भाऊ धर्मा आला. घरात न येता अंगणात उभा राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "वा रं मेव्हन्या! मिठासंगं पोरगी पन चढवलीस गलबतावर! तिचा भाव किती लागला?"

हे वाक्य माझ्या अंगात शिरलं ते आजतागायत निघालेलं नाही. भावांनी बारकीच्या नावानं आंघोळ केली. म्हणजे ती मेली, सुतक सुटलं, विषय संपला. मी त्यांच्याही पुढं गेलो. येसूला सांगितलं, या घरात त्या पोरीचं नाव घ्यायचं नाही आणि त्या गावाचंही नाही. वर्षभरानं दुसऱ्या एका गलबतावरचा माणूस निरोप घेऊन आला. लखमानं रीतसर लग्न केलंय, घर बांधलंय, ताईला घेऊन या. मी दारातच त्याला म्हटलं, "चुकीच्या घरी आलास." येसू आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. भाकरीच्या थापा पडायच्या थांबल्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा पडायला लागल्या.

विरारला गाडी बदलायची, वापीला उतरायचं, पुढं टांगा. सकाळी निघालं तर जेवायला दमण. अकरा वर्षांत हे अंतर मी बोटभर कमी होऊ दिलं नाही.

आता ते दामनचं सांगतो.

शाळेत मी चार इयत्ता केल्या. मास्तरांनी पट्ट्या मारून मारून आमच्याकडून ण लिहून घेतला. हाताला तो आला, तोंडाला आलाच नाही. पाणी आम्हाला पानी, लोणी ते लोनी, आणि दमण ते दमन. सिनेमाची भाषा आम्हाला अर्धीच कळायची, उरलेल्या अर्ध्यात आम्ही घरचं घालून भागवायचो. असा एक सिनेमा चालला होता. नायक दारू पिऊन एका खांबाला टेकून गात होता, आणि गाता गाता त्यानं हेल काढला, "दाऽऽमन..."

तंबूत मध्ये गोणपाटाचा पडदा असतो. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. त्या पडद्यामागून एक हुंदका आला. दीडशे बायकांत आपली बायको रडली तर नवऱ्याला कळतं. ती येसू होती.

मी काय समजायचं? गाणारा माणूस आलाप घेताना शब्द लांबवणारच, दमनचं दामन करणारच. त्यात शंका घ्यायला जागा कुठं होती? आणि दारूबंदी आल्यापासून चोरून येणारी प्रत्येक बाटली फिरंग्यांच्या दमणची, हे वसईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हातात बाटली आणि तोंडात दमण, हिशेब तंतोतंत जुळत होता. पुरुषांच्या बाजूनं तर आरोळी उठली, "बराबर हाय! तितनंच येते!" आणि पांडूनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आबा, ह्याला माल कोन पोचवतो? तुमचाच साडू का?"

मी उठून बिडी ओढायला बाहेर गेलो.

मग लक्षात आलं की एका सिनेमाचं नाही, सगळ्यांचंच हे दुखणं आहे. ज्याला त्याला दमणच सुचायचं. एकाचं दामन हातातून सुटलं. बरोबर, गाव सोडून आला असेल. एकीचं दामन आसवांनी भिजलं. म्हणजे तिकडे पाऊस. एकाच्या दामनला आग लागली, तेव्हा मी खरोखर दोन दिवस गलबतवाल्यांकडे कान देऊन होतो, कुणी काही बोलतंय का म्हणून. बोललं कुणी नाही, आणि मी विचारलं नाही. एका भिकाऱ्याच्या गाण्यात दामन पसरलं, ते मी वस्ती वाढली असं धरलं.

घरी जाताना मी करवादायचो, "ह्या मुंबैवाल्यांना दुसरं गाव नाय का? एवढी वसई बाजूला हाय, वसईवर एक गानं नाय!"

येसू मागून म्हणायची, "वसईसाटी कोन रडतंय?"

अशी सात वर्षं गेली. कुठलाही सिनेमा असो, तिला जायचं असायचं. ढोल वाजवत जाहिरातीची गाडी आळीत आली की ती दारात जाऊन एवढंच विचारायची, "गानी किती हायेत?" मला वाटायचं, बाईला गाण्यांचा नाद लागला.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी सिनेमाची रिळं गाडीवर आलीच नाहीत. तंबूत माणसं खोळंबली होती, मी मशीनवाल्याशी गप्पा मारत बसलो. लखनौकडचा म्हातारा, सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. मी सहज विचारलं, "मिस्त्री, तुमचे गाणी लिहिनारे लोक दमनला जातात तरी कधी?"

त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो रिळांच्या पेटीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग स्वतःच्या उपरण्याचं टोक धरून मला दाखवलं. "चाचा, दामन याने पल्लू! औरत का पल्लू!" हसणं आवरेना म्हणून त्यानं तिकीटवाल्याला बोलावून सांगितलं. तिकीटवाल्यानं पुढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिठागरावर मी फळी उचलायच्या आत पांडू म्हणाला, "आबा, धोतराचं दमन वर खोचा, भिजंल." साठ माणसं हसली.

माणसाचा अपमान झाला की तो घरी नेऊन कुणाला तरी वाढतो. मी येसूला वाढला. ती अंगणात खाडीच्या चिखलातले निवटे मासे साफ करत बसली होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "सात वर्सं पदरासाटी रडलीस, कळलं का? दामन म्हनजे पदर. बायकांचा पदर! तुझी बहीन कुटल्याच गान्यात नाय."

विळीवरचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "मना ठावं हाय."

"कवापासून?"

"दुसऱ्या वर्सापासून. ती हमीदाबी बसते ना माझ्या बाजूला, ठेसनामागची, तिनं सांगितलं."

"मंग रडत कशाला होतीस?"

तिनं तेव्हा मान वर केली. "घरात तुमी रडू दिलं असतंत?"

तिनं पुढचा निवटा घेतला.

"तितं सगळ्याच रडतात," ती म्हणाली. "अंधारात कोन कोनासाटी रडतंय ते कोन इचारतो?"

मी निवट्यांत चिखल राहिल्याबद्दल तिला बोललो. राहिला नव्हता.

यंदा मी तंबूत बसतो तेव्हा निम्मं लक्ष पडद्यावर नसतं. गोणपाटापलीकडे बायका रडायला लागल्या की पूर्वी मी खाकरायचो, शेरे मारायचो. आता ऐकतो. वर गडी रुमालात खोकत असतो, आणि पलीकडे कोणी मेलेल्या पोरासाठी रडत असते, कोणी जित्या नवऱ्यासाठी, कोणी माहेरासाठी. त्या खोकणाऱ्याला वाटत असेल आपण रडवलं. सिनेमावाल्यांचं कसब म्हणून काही असलं तर एवढंच, की ते दिवे घालवतात. बाकी सगळं बायका घरून आणतात. हे माझं मत, आणि असले सिनेमे बघून ते रोज आणखी पक्कं होत चाललंय.

मत बनवायला मी पहिल्यापासून हुशार. त्या दोन बहिणींच्या सिनेमाचंही मत मी बनवलं होतं, आणि बांधावरून चालताना ते सांगत होतो. मघाशी ते लिहिताना मी मिशीपाशीच थांबलो. पुढचंही सांगतो.

मिशीवर हसून झालं. बांधाला जिथं पाणी आत घ्यायची फळ्यांची झडप आहे तिथं आम्ही पोचलो. पाऊल वाजेना म्हणून मी मागं बघितलं. ती थांबली होती.

"अवं."

"काय?"

"शिमग्याला मना दमनला न्याल?"

अकरा वर्षांत तिनं माझ्यासमोर त्या गावाचं नाव पहिल्यांदा घेतलं. हट्ट नाही, रडणं नाही, बाजारातून काही आणाल का असं विचारावं तसं विचारलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात होकार आला होता. धर्माचं ते वाक्य जुनं झालं होतं. लखमा वाईट माणूस नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन माणसांची तिकिटं आणि एक टांगा, यापलीकडे त्यात काही नव्हतं. पण त्याच क्षणी मला एक वाक्य सुचलं, आणि ते इतकं चांगलं होतं की वाया घालवणं जिवावर आलं.

मी म्हटलं, "हा काय शिनेमा हाय, शेवटाला समदी भेटायला?"

ती हसली. खरोखर हसली, मी चेहरा बघितला. मला वाटलं, हिलाही आवडलं. मग ती माझ्या पुढं झाली आणि घरापर्यंत पुढंच चालली.

सिनेमात माणूस मरायला अर्धा तास घेतो. दिवा फडफडतो, पाखरू उडतं, मरणारा एकेकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतो. येसूनं काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिठागरावरून जेवायला आलो, पाट मांडला, ती भाकरी उलटायला वाकली आणि तशीच कुशीवर गेली. मी म्हटलं, "अगं, काय झालं?" तव्यावरची भाकरी करपून घरभर धूर झाला तरी मी तेच विचारत होतो. शेवटचे शब्द वगैरे काही नाहीत. शेवटचं ती जे माझ्याशी बोलली ते, "हात धुवा."

कामणहून धर्मा आणि बाकीचे आले. मूल नाही म्हणून अग्नी मीच दिला, डोकं मीच भादरलं. दिवस मावळताना सगळे ओट्यावर बसले आणि धर्मानं कोणाकोणाला कळवायचं ते विचारलं. पाच-सहा गावांची नावं झाली. मी म्हटलं, "दमन राहिलं."



धर्मा म्हणाला, "मेव्हन्या, डोकं ठिकानावर ठेव. ती मेलीय. आपन आंघोळ केलीय तिच्या नावानं."

"उद्या मी सोता जातो."

"सुतक हाय! धा दिवस उंबरा वलांडायचा नाय तू. कोनाच्या दारात सुतक घेऊन उभा ऱ्हानार?"

"तूच म्हनतोस ना ती मेलीय?" मी म्हटलं. "मेलेल्याच्या दारात सुतक आड येत नाय."

धर्मा उठून अंगणात गेला. अकरा वर्षांमागं ओरडला होता त्याच जागी उभा राहिला, पण त्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. लहान पोराचं पुसावं तसं हातानं स्वतःचं तोंड पुसत राहिला. मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

सकाळी उजाडायच्या आत मी निघालो. डोक्याला टॉवेल गुंडाळला. विरारला गाडी बदलली, वापीला उतरलो, टांगा केला. वाटेत फिरंग्यांच्या नाक्यावर शिपायानं अडवलं, टॉवेल सोडायला लावला. भादरलेलं डोकं बघून त्यानं काही न विचारता हातानं जा म्हणून खूण केली. मी टॉवेल पुन्हा घट्ट बांधला. दमण मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्यासारखंच गाव आहे. किल्ला, खाडी, वाळत घातलेली मासळी, चर्चची घंटा. इतकी वर्षं याला घाबरलो.

बंदरावर लखमा तांडेलाचं घर एका म्हातारीनं दाखवलं. टांगा थोडा अलीकडे उभा करायला सांगून मी चालत गेलो. दारात एक बाई सूप पाखडत होती. अंगानं भरली होती, कानापाशी दोन-चार केस पिकले होते. तिनं वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता दार लावून घेईल. लावायला हवं होतं. तिनं मला आत बोलावलंही नाही, की काही विचारलंही नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, रस्त्यावर उभ्या टांग्याकडे, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी मान खाली घातली.

"ताय टांग्यातच बसलीय?" ती म्हणाली. "उतरत का नाय ती?"

"येते," मी म्हटलं. "मागून येते."

ती धावत आत गेली आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आली. दोन्ही मीच प्यालो. मग सांगितलं.